साठवलेलं ऊन

लेकीच्या प्रयोगशाळेत खिडकीपाशी पाण्याने भरलेलं काचेचं भांडं होतं आणि त्यात एक काळसर पट्टी. ऊन पडलं की पट्टीवरून बारीक बुडबुडे सुटत.

"आई, हा हायड्रोजन. उन्हाचंच इंधन. साठवून ठेवायचं, हवं तेव्हा जाळायचं. पण पट्टी फार टिकत नाही गं," ती म्हणाली. तिचा चेहरा ओढलेला होता.

मी वाकून बघायला गेले आणि बुडबुडे थांबले.

"सरक ना, सावली पडतेय!"

गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर ती वाकली, की मीही अश्शीच ओरडायचे. आषाढात तळताना कुरडई फुलते, ते चैत्रातलं ऊनच असतं की!

मी भिंतीला चिकटून उभी राहिले. पट्टीवर पुन्हा एक बुडबुडा फुगू लागला. तो सुटेपर्यंत आम्ही दोघींनी श्वास रोखून धरला.