पहिली बातमी

बातम्या सांगणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणता: निवेदक, अँकर, की मालकाचा भोंगा?

बीडच्या एका केबल चॅनलवर बातम्या वाचणारी बाई रोज बीडजवळच्या पाली गावाहून माझ्याच बसने यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. खिडकीशी बसून, एका हाताने कान झाकून ती बातम्या पुटपुटायची. एकदा एका पुढाऱ्याचा कार्यकर्ता तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"अँकरताई, आज सायबांच्या वाढदिवसापासून सुरू करा. नळाचं पाणी कुटं पळून चाललंय?"

"पाणी पिवळं येतंय, भाऊ. लेकरं आजारी हायेत. पयली बातमी तीच."

"मालकाला एक फोन केला तर खुर्ची जाईल तुमची."

"उद्या जाईल. आज मीच बसणार हाय," म्हणत तिने पुन्हा कान झाकला.

संध्याकाळी तिने पाण्याचीच बातमी आधी वाचली. आवाज जराही कापला नाही. निवेदिका हा शब्द मी तेव्हापासून तिच्यासाठीच राखून ठेवला आहे. दुसऱ्या दिवशी तिच्या खुर्चीत दुसरंच कुणी गोड हसत शुभेच्छा वाचत होतं. पाणी अजून पिवळंच येतं.

तुमच्या घरी ते चॅनल दिसत असेल, तर आजच तिथे फोन लावा आणि विचारा, पाण्याची बातमी वाचणारी बाई परत कधी बसणार?