एसीतल्या अक्षता

मिरजेला माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं. टाक्यांना घाम लागू नये म्हणून मुलीने एसी घेऊन दिला आणि विश्रामबागेतल्या आमच्या खोलीत तो बसला. माझ्यासाठी कुणी मुद्दाम घेतलेली तेवढीच एक मोठी वस्तू.

दहा दिवसांनी खंडेनवमी आली. हे फौजेतून निवृत्त झालेले, यंत्रांची पूजा तेच करतात. स्कूटरला, पाण्याच्या मोटारीला हळदकुंकू लावलं आणि मग खुर्चीवर चढून एसीलाही. खालच्या उघड्या झडपेत झेंडू खोचला, मूठभर अक्षता टाकल्या. मला हात वर करता येत नव्हता. मी ताट धरून उभी होते.

दुसऱ्या दिवशी एसी लावला तर आत खडखड. ह्यांनी वरून थापा मारल्या, जाळी धुतली. खडखड तशीच. मी पडल्या पडल्या ऐकत होते. वारा वाढवला की आवाज वाढायचा. बाहेरचं यंत्र थांबलं तरी आत चालूच. मी हळूच म्हटलं, "आवं, पंख्यात तांदूळ गेलं असतील."

"तू मेकॅनिक हायस व्हय? चौथी शिकून?"

दोन दिवसांनी मेकॅनिक आला. त्याने एसी उघडला आणि तळहातावर हळदीचे तांदूळ काढून दाखवले. झेंडूच्या पाकळ्याही होत्या.

"हे कुणी घातलं?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"आमच्या हिचं देवदेव," हे म्हणाले. "लय सांगितलं, ऐकतच न्हाई."

"काकू, एसीचं लगीन लावलं व्हय?"

दोघे हसले. मी चहा ठेवायला उठले.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ह्यांनी तिलाही तेच सांगितलं, लग्नाचा विनोद स्वतःचा म्हणून सांगितला आणि फोन माझ्या हातात दिला. निदान तिला तरी खरं कळावं असं फार वाटत होतं.

"आई, एवढ्या हौसेने घेतला गं. तू त्याला हात लावू नकोस. बाबा बघतील."

हे समोरच बसले होते, पायावर पाय टाकून.

"बरं," मी म्हटलं.

एसी आता आवाज करत नाही. ह्यांना गार सोसत नाही, म्हणून दुपारी तो बंदच असतो. टाक्यांना घाम लागतो. मुलगी फोनवर विचारते, बरं वाटतं ना गं एसीत? मी हो म्हणते.