पाच जणांच्या गोळ्या

ताप दिवसाआड यायचा, त्यामुळे मधला मोकळा दिवस घराला सणासारखा वाटायचा. त्या सकाळी तसंच होतं. खारूताई भिंतीला टेकून, मांडीवर ताट घेऊन वाटाणे सोलत बसली होती आणि लेक तिच्या पाठीशी बसून तिचे केस विंचरत होती. फणीबरोबर केस हातात येत होते. लेक ते गुपचूप मुठीत गोळा करून गुडघ्याखाली सारत होती.

"लपवू नकोस," खारूताई म्हणाली. "डोक्यावरचा भार हलका होतोय, होऊ दे."

"जिभेला मात्र ताप आलेला दिसत नाही."

"तिच्यावरच तर चाललंय सगळं. बाकी काय राहिलंय?"

जावई एका पायात मोजा घालून दुसरा शोधत होता. गॅसवर दूध तापत होतं. तेवढ्यात दार वाजलं. शेजारीण असती तर आधी हाक आली असती. ही टकटक बोटाच्या पेराने केलेली, जपून, जणू दारालाच काही झालेलं असावं आणि ते आपल्याला लागू नये.

जावयाने दार उघडलं. दारात वहिनी उभ्या होत्या, हातात फळांची पिशवी.

खारूताई या वहिनींच्या सासूबाईंना कैक वर्षं सांभाळत होती. सासूबाई म्हणजे घरादाराच्या आजी. गुडघे गेलेले, डोळे गेल्यात जमा, कान मात्र तिखट. बुटकी, चपळ, दोन्ही हातांत सतत काहीतरी धरून पळणारी ही बाई पाहून आजींनीच पहिल्या महिन्यात तिला खारूताई केलं होतं. तिचं पाळण्यातलं नाव मग कागदावरच राहिलं. आजींना उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, त्यांचा राग सोसणं आणि त्यांच्या त्याच त्या गोष्टी पहिल्यांदाच ऐकतोय असं तोंड करून ऐकणं, हे सगळं तिचं काम. शेवटचं सगळ्यांत अवघड, असं ती म्हणायची.

"कशा आहात मावशी?" वहिनी खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

"आज बरी आहे. उद्या नसेन."

"असं अभद्र बोलू नये."

"अभद्र कुठलं वहिनी, त्याचं वेळापत्रकच आहे. उद्या दुपारी येईल. आधी हुडहुडी भरेल, अंगावर सगळं घर घातलं तरी दात वाजतील. मग भट्टी पेटेल. मग घाम फुटेल, अंथरूण पिळून काढावं लागेल. आणि मग सभ्य पाहुण्यासारखा निघून जाईल. परवा पुन्हा येईन असं काही सांगत नाही, पण येतो."

वहिनी हसल्यासारखं हसल्या. लेक उठून दूध उतरवायला गेली. भांडं तिने ओट्यावर जरा जोरातच ठेवलं.

आजींचा धाकटा मुलगा दूरच्या, उष्ण देशात एका तळ्याकाठी नोकरीला होता. डोळ्यांत थोडा उजेड आहे तोवर त्याचं घर पाहायचं, असा आजींनी हट्ट धरला. मग थोरला मुलगा म्हणजे दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि आजी, अशी पाच माणसं निघाली. आणि खारूताई. ती त्या पाचांत नव्हती आणि तिच्याशिवाय पाचांचं पान हलत नव्हतं.

निघण्याआधी सगळे एका डॉक्टरांकडे गेले. परदेशी जाणाऱ्यांना काय जपायचं ते सांगणारे हे डॉक्टर. आजींची चाकाची खुर्ची ढकलत खारूताईही आत गेली. डॉक्टर चांगले होते, घाई न करता बोलले. पाणी उकळलेलं किंवा सीलबंद बाटलीतलं. दात घासायलाही तेच. बर्फ नको, कारण बर्फ कुठल्या पाण्याचा ते कळत नाही. कापून ठेवलेली फळं नकोत, आपल्या हाताने सोललेली चालतील. तिन्हीसांजेपासून अंगभर कपडे, उघड्या कातडीला मलम, झोपताना मच्छरदाणी. आणि हिवतापाच्या गोळ्या. जाण्याआधी सुरू करायच्या, तिथे असेपर्यंत घ्यायच्या आणि परत आल्यावरही काही आठवडे सोडायच्या नाहीत. "आपल्या या भागात हा आजार कैक वर्षांत दिसलेला नाही," डॉक्टर म्हणाले, "म्हणून लोक त्याला घाबरायचं विसरलेत. तिकडे तो विसरलेला नाही."

मग त्यांनी पेन उघडून विचारलं, "किती जणांच्या लिहू?"

"पाच," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी खुर्चीमागे पाहिलं. "आणि या?"

"या बरोबर असतात. त्यांना डासांची सवय आहे हो. कातडी टणक आहे त्यांची."

खोलीत सगळे हसले. आजी हसल्या नाहीत, पण त्यांचा कान त्या वेळी नेमका दुसऱ्या बाजूला होता. हसण्यात खारूताईही होती. आपल्यावरच्या विनोदाला आपण हसलो की तो आपल्याला बोचत नाही, हे तिने आयुष्यभर वापरलेलं औषध. त्या दिवशीही ते घेतलं. गोळ्या महाग होत्या, हे तिने वहिनींच्या भुवयांवरून ओळखलं होतं. आपल्यासाठी मागायला तिची जीभ रेटली नाही. आजींसाठी मागायचं असतं तर तिने डॉक्टरांचं टेबल हलवलं असतं.

तळ्याकाठच्या त्या घरात डॉक्टरांचा शब्द न् शब्द पाळला गेला. पाळणारी खारूताईच. सकाळी उठून पाणी उकळायचं, गार करायचं, बाटल्या भरायच्या. मुलांचे ब्रश त्याच पाण्याने धुवायचे. मुलांतला धाकटा कुठे बर्फाला हात लावताना दिसला की धावायचं. जेवणाआधी प्रत्येकाचे हात साबणाने धुतले की नाही ते पाहायचं. न्याहारीच्या वेळी पाच बशांत पाच गोळ्या ठेवायच्या आणि आजींची गिळली गेली का, हे त्यांना तोंड उघडायला लावून तपासायचं.

"मी काय लहान आहे?" आजी करवादायच्या.

"लहान असता तर ऐकलं असतंत."

तिन्हीसांजेला आजींना तळ्याकाठी बसायचं असे. पाणी दिसायचं नाही, पण त्याचा वास त्यांना आवडे. खारूताई त्यांच्या हातापायांना मलम चोपडायची, मानेला, कानांच्या पाळ्यांनाही. "जपून वापरा मावशी, ही ट्यूब इथे मिळत नाही," असं वहिनींनी बजावलेलं, म्हणून बोटाला उरलेलं ती स्वतःच्या गालाला पुसायची आणि तेवढ्यावर भागवायची. मच्छरदाण्या खोल्यांत होत्या. तिची गादी आजींच्या दाराबाहेर, येण्याजाण्याच्या बोळात, कारण आजींची घंटा ऐकू यायला हवी. बोळात मच्छरदाणी बांधायला खुंटी नव्हती. खुंटी ठोकायला कोणी नव्हतं असं नाही, पण कोणाच्या डोक्यात आलं नाही. तिने सांगितलंही नाही. डास चावले की खाजवायचं आणि कूस बदलायची.

पाचही जण ठणठणीत परतले. दादा ज्याला त्याला सांगायचे, नीट काळजी घेतली की परदेशात काही होत नाही. खरंच होतं ते.

खारूताईला ताप आला तो परतल्यावर काही दिवसांनी, आजींना भरवतानाच. हातातला चमचा वाजायला लागला. "घरी जा आणि बऱ्या होऊन या, मुलांना लागायला नको," असं वहिनींनी सांगितलं. ती लेकीकडे आली.

गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांनी साधा ताप म्हणून औषध दिलं. ताप उतरला, पुन्हा चढला. दुसऱ्या खेपेला त्यांनी औषध बदललं. तिसऱ्या खेपेला खारूताईने सांगितलं, "डॉक्टर, मी परदेशात जाऊन आले. तिकडे हिवताप असतो."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या झिजलेल्या चपलांकडे, लेकीच्या हातातल्या कापडी पिशवीकडे. त्यांच्या दारात तापाचे रोगी रांग लावून बसले होते, आणि तापात माणसं काय वाटेल ते बोलतात. "असं का? मग आमच्यासाठी काय आणलंत?"

लेक भडकली. "खरंच गेली होती ती."

डॉक्टर मनाने वाईट नव्हते, ते जरा ओशाळले. म्हणाले, "त्या तापाची तपासणी इथे होत नाही. मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागेल आणि तिथे कारण द्यावं लागेल. पासपोर्ट आणा. उगाच पाठवलं तर तिथले मला हसतात."

पासपोर्ट वहिनींच्या कपाटात होता. "तुमच्याकडे हरवेल," म्हणून त्यांनीच ठेवून घेतलेला. फोटो म्हणावेत तर सगळ्या फोटोंत कुटुंब होतं. एकात तेवढा चाकाच्या खुर्चीच्या दांड्यावर मनगटापर्यंत एक हात दिसत होता. तो कोणाचाही असू शकला असता.

लेकीने फोन केला. वहिनी म्हणाल्या, "अगं, आम्ही सगळे गेलो होतो ना? आम्हाला कुणाला काही झालं नाही. तिकडचा ताप तुझ्या आईलाच तेवढा कसा शोधत येईल?" पासपोर्टचं विचारलं तर दादा गावाला गेलेत, किल्ली त्यांच्याकडे आहे, असं उत्तर आलं. किल्लीची गोष्ट लेकीला पटली नाही. खारूताईला मात्र खरं कारण ठाऊक होतं. परवानगी मिळायला सोपं जावं म्हणून दादांनी तिला सरकारदरबारी स्वतःची आत्या म्हणून दाखवलं होतं. पगारी बाई न्यायची तर भानगडी फार. आता कोणी चौकशी केली, तर ही आत्या दाराबाहेर का झोपत होती, असंही कोणी विचारलं असतं.

तेव्हापासून मोकळे दिवस आणि तापाचे दिवस आलटून पालटून येत होते, आणि मोकळ्या दिवशीही आता जिना चढवत नव्हता. डोळ्यांचं पांढरं पिवळं पडायला लागलं होतं. कालच डॉक्टर लेकीला बाजूला घेऊन म्हणाले होते, "असंच चाललं तर यांचं रक्त पुरणार नाही. काहीतरी खात्रीचं आणा माझ्याकडे." लेकीला वाटलं होतं आईला ऐकू गेलं नाही. आजींजवळ राहून खारूताईचे कानही तिखट झाले होते.

आणि आज वहिनी आपण होऊन आल्या होत्या. फळांची पिशवी अजून त्यांच्याच मांडीवर होती.

"आजी जेवत नाहीत मावशी," त्या म्हणाल्या. "नवी बाई ठेवली, तिच्या हातावर थुंकल्या. दिवसभर तुमचं नाव. सोमवारपासून आलात तर बरं होईल. नुसतं बसा त्यांच्याजवळ, काम करू नका."

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे वहिनींना कधी जमलं नव्हतं. खारूताईला एका परीने बरं वाटलं. फळं कशासाठी आणली ते तरी कळलं.

लेक ओट्यापाशी वळली. "आई मरायला टेकलीय आणि तुम्ही..."

"गप्प बस," खारूताई म्हणाली. "पाहुण्या आहेत त्या." मग वहिनींना म्हणाली, "आजी काहीच खात नाहीत?"

"दूध घेतात. तेही रागाने."

"कोमट द्या. आणि आधी थोडं त्यांच्या ओठांना लावा, म्हणजे तोंड उघडतात."

वहिनींनी मान डोलावली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते खरं होतं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, ते पासपोर्टचं मनात ठेवू नका. ह्यांची नोकरी सरकारी आहे, तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही आमच्या घरच्याच आहात. औषधाला काही लागलं तर सांगा. मी कधी नाही म्हटलंय?"

जावयाला दुसरा मोजा सापडला होता, पण तो हातात घेऊन तसाच उभा राहिला. खारूताईने ताट बाजूला ठेवलं. उठण्यासाठी तिने भिंतीला हात लावला, पण उठवेना, म्हणून बसूनच बोलली.

"औषध नको वहिनी. पासपोर्टही राहू द्या कपाटात, दादांच्या नोकरीला धक्का नको. तुमचा शब्द डॉक्टर मानतील. दवाखाना गल्लीच्या टोकाला आहे, आत्ता उघडा असेल. माझ्याबरोबर तिथवर चला आणि त्यांना एवढंच सांगा, की ही बाई आमच्याबरोबर तिकडे आली होती."