बिब्ब्याचा गुण

"बाई, टेकते जरा," म्हणत ती पायरीवर बसायची. आमच्या अंगणवाडीला पायऱ्या त्या किती, चारच! पण वर येईतो पदरानं घाम पुसत ती एकदा टेकणारच.

अशी एखादी तुमच्याही ओळखीची असेल. तिच्या आळसाला सगळे हसतात आणि तिच्यावाचून कुणाचं पान हलत नाही. अहमदपूरच्या त्या अंगणवाडीत मी सेविका, ती मदतनीस. खिचडी करपली की तळाची खरवड मुलांना वाटून टाकायची. "आधी लेकरं, मग बाई." बाईला, म्हणजे मला, कधीच उरली नाही.

दवाखान्यात जा म्हटलं, तर म्हणायची, "रगत कमी हाय. सगळ्याच बायांला असतंय." मलाही ते पटायचं.

एका सकाळी सासरी पाणी भरताना ती कोसळली, ती उठलीच नाही. उमरीहून, माहेरून, तिची आई आणि भाऊ आले. भाऊ सासूच्या अंगावर धावून गेला, हिनंच काहीतरी खाऊ घातलं म्हणाला. शवविच्छेदन झाल्याशिवाय मातीला हात लावू देईना. माझं तर डोकंच चालेना. सासूबद्दल ती कधी वाईट बोलली नव्हती. पण कोणती सून बाहेर बोलते?

दुपारी डॉक्टरांनी दोन्ही घरच्यांना बोलावलं. मीही गेले. अंगावर मार नव्हता, पोटात विषाची खूणही नव्हती. हृदयाची झडप खराब झालेली, तीही फार वर्षांपूर्वीच. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का, त्यांनी विचारलं.

आई म्हणाली, "गुडघे सुजले व्हते. म्या बिब्बा लावला. आठ दिसांत पळाया लागली."

ती सूज आपोआपच उतरते, डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. पण दुखणं हृदयात राहतं.

भाऊ सासूकडे बघेना, आईकडेही बघेना. मला तर त्या तापाचाच राग आला. पण तापाला कुठं जाऊन जाब विचारायचा?

बाहेर आल्यावर आई बाकावर टेकली आणि तिनं माझा हात धरला. "बाई, गुण आला व्हता की. नव्हता का आला?"

सकाळपासून मुकी झालेली सासू तिच्याजवळ येऊन बसली.

"आला व्हता, विहीणबाई. लगीन होऊन आली तवा घरभर पळायची तुमची लेक."

आईनं तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मोठ्यानं रडली.

मी मात्र तिला कधी पळताना पाहिलं नव्हतं.