गाण्यात नसलेलं कडवं

मी माझ्या मुलीशी खोटं बोललो, आणि ते खोटं गेल्या उन्हाळ्यापासून जपून ठेवलं. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला भाग्यवान समजणार नाही. मी लातूरला एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. चमत्कार वाटावा अशा अनुभवांवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही.

माझी मुलगी केतकी आणि सुमेध नांदेडला एकाच बँकेत होते. दोघांना लग्न करायचं होतं. जात वेगळी. चारचौघांत मी जात न मानणारा म्हणून ओळखला जातो, त्यामुळे मुलीला 'नाही' म्हणायला जीभ रेटेना. म्हणालो, "येऊ दे त्याला घरी." तो आला तेव्हा केतकी त्याच्यासाठीच जिलेबी आणायला गेली होती. मी दारातच सांगितलं, "ती आता नको म्हणते. फोनही करू नकोस."

केतकी परतल्यावर म्हणालो, "आला नाही तो."

तिनं फोन केले, त्यानं उचलले नाहीत. मग त्यानं बदली मागून भोकरची शाखा घेतली. मुलगी सुटीला घरी यायची, जेवायची आणि एकच स्पॅनिश गाणं ऐकत बसायची.

परवा दुपारी ती कपड्यांना इस्त्री करत होती. गाणं चालूच. "काय आहे एवढं त्यात?" मी विचारलं.

"काय माहीत! अर्थ कळत न्हाई म्हणून तर ऐकते, बाबा. मराठी गाणं लई आत जातं."

आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं – "तो म्हणतोय, तुझ्या गल्लीपर्यंत आलो. हाक मारायला तोंड उघडलं, आणि माझंच नाव मला आठवेना."

ती हसली. "तुम्हाला हिंदी गाणं धड कळत न्हाई, अन् आता स्पॅनिश!" गंमत म्हणून तिनं मोबाईलवर ट्रान्सलेशन काढलं. वाचता वाचता हसू मावळलं; शब्द तेच होते. इस्त्री बाजूला ठेवून ती म्हणाली, "पुढचं सांगा."

मी सांगत गेलो – "तुझ्या वडिलांकडे पाणी मागितलं. त्यांनी कागदी पेल्यात दिलं. मी निघाल्यावर पेला चिमटीत धरून बाहेर फेकला. मी कोपऱ्यावरून बघत होतो."

"बाबा... हे यात न्हाई."

नव्हतंच. ते आमच्या दारात घडलं होतं. पाहुण्यांचे स्टीलचे पेले आत मांडणीवर असताना मी वाढदिवसाचा उरलेला कागदी पेला शोधून काढला होता. तो का शोधला, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण सुमेध वळून बघत होता, हे मला ठाऊक नव्हतं.

केतकीला सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिनं माझ्या मोबाईलवरून सुमेधचा नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकून माझ्यापुढे ठेवला. "मला नका सांगू. त्याला सांगा."

पलीकडून सुमेधचा आवाज आला. मी नाव सांगितलं. तो हळूच म्हणाला, "काका, नकार मी समजून घेतला असता. पण तो पेला... कोपऱ्यावरून बघितलं मी."

त्यानंतर ते गाणं मी कितीदा तरी ऐकलंय. एकाही शब्दाचा अर्थ लागत नाही. तेव्हा मात्र लागला होता. मुलांचं पुढे काय होईल, तेही माझ्या हातात राहिलेलं नाही, आणि तेच योग्य आहे.

त्या दुपारी, मुलीच्या देखत, मी एवढंच बोलू शकलो – "सुमेध, केतकीनं नकार दिलाच नव्हता. ती तुमच्यासाठी जिलेबी आणायला गेली होती. खोटं मी बोललो. आणि पाणी... ते मी तुमची जात बघून दिलं. मला माफ करा."