आत्याच्या खोक्यातला लाल दिवा

आमच्या आत्याला वाईट काम बघवत नाही आणि स्वतःचं तोंड आवरत नाही. घराच्या मागच्या खोलीत ती पाण्याच्या पंपांसाठी कंट्रोलचे खोके बनवते. पत्रा कापायचा, भोकं पाडायची, आत वायरिंग, पुढे एलईडीचे दिवे. गिऱ्हाइकाच्या खोक्यात ती दिवा नुसता चिकटवणार नाही. पुढून होल्डर बसवणार, मागून दिवा दाबणार, त्यावर कडं चढवणार. "दिवा दिसला की माणूस बोट लावतोच," ती म्हणते. "त्याला ते बटण वाटतं. दिवा आत गेला की शिव्या मला."

आणि याच बाईने घरच्या खोक्यात दिवा गोंदाच्या एका थेंबावर ठेवला होता.

आतोबा म्हणजे तिचे यजमान. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. ड्रिल चालू असलं की आत्याला हाक ऐकू येत नाही, घंटाही नाही. म्हणून त्यांच्या पलंगाशी बटण आणि आत्याच्या टेबलासमोर भिंतीवर लाल दिव्याचा खोका, अशी सोय तिनेच केली. घरचंच तर आहे, नंतर नीट करू, म्हणून होल्डर राहून गेला. ड्रिलच्या हादऱ्यांनी गोंद सुटला आणि दिवा मागे खोक्यात पडला. एका दुपारी आतोबा बटण दाबत राहिले. दिवा आतल्या आत पेटत होता, बाहेर काहीच नाही. शेवटी ते स्वतःच उठले आणि दाराशी कोसळले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

हाड मोडलं नाही, पण विश्वास उडाला. बटणाकडे ते बघेनात. काही लागलं की भिंत धरून उठायला लागले. पुन्हा पडले तर अंथरुणातून उठणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी शहाणपणा केला, "आत्या, काम बंद कर आणि त्यांच्याजवळ बस."

"बसते की! मग दिवसभर माझं तोंड बघून दुसरा झटका येईल त्यांना," ती म्हणाली. पण डोळे पुसत म्हणाली.

तिने खोका खाली उतरवला. जुनं भोक कानशीने वाढवायला गेली, घाईत ते लांबट झालं आणि होल्डर खुळखुळायला लागला. "थोडा गोंद लाव की," मी म्हणालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप चहा ठेवायला गेलो. तो पत्रा भंगारात गेला. तिने नवा कापला. आधी बारीक भोक, मग होल्डरच्या मापाचं, मग कडेची धार घासून काढली. होल्डर टक्कन बसला. मागून दिवा, त्यावर कडं. तारा खोक्याला आतून बांधल्या, म्हणजे ओढ बसली तरी दिव्याला बसू नये.

"आता खरी परीक्षा," म्हणत ती खोका घेऊन पलंगाशी गेली. "अहो, या दिव्यावर अंगठा ठेवा आणि दाबा. जोर लावून."

आतोबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"माझा राग आलाय ना? मग तो यावर काढा. चूक माझीच होती."

ते वळले. डाव्या अंगठ्याने त्यांनी दिवा असा दाबला की नख पांढरं पडलं. मला वाटलं, आता पत्राच वाकतोय. दिवा तसूभरही हलला नाही.

खोका पुन्हा भिंतीवर चढला, पण आतोबा बटण दाबेनात, दिवा काही लागेना. भिंत धरून उठणं चालूच. आत्या प्रत्येक भोक पाडून झालं की डोकावून यायची, त्यांना परत बसवायची आणि बटण हातात द्यायची. "हे दाबायचं. मी येणार म्हणजे येणार."

मग एका सकाळी, ड्रिल ऐन जोरात असताना, लाल दिवा लागला. आत्या हातातलं टाकून धावली, तिच्या मागे मी. आतोबा पलंगावरच होते, बटण मुठीत.

"पा... णी," ते म्हणाले.

पाण्याचा पेला त्यांच्या डाव्या हाताशीच होता, भरलेला. आत्याने तो उचलून त्यांच्या ओठांना लावला.