आईची मोहनमाळ आणि देशाचं सोनं

मी ठाण्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. परकीय चलनाच्या गंगाजळीचा धडा माझ्या आवडीचा. दर आठवड्याला पेपरात तिचा आकडा येतो आणि मी तो फळ्यावर लिहितो. परकीय चलन किती, सोनं किती, मागच्या आठवड्यापेक्षा वाढ की घट. देशाने अडीनडीला बाजूला ठेवलेलं ते सगळं, असं मी मुलांना सांगतो.

देशाने परदेशी तिजोरीत ठेवलेलं बरंच सोनं माघारी आणलं, ही बातमी मी दिवा स्टेशनजवळच्या आमच्या घरी आईला वाचून दाखवली. ती वालाच्या शेंगा सोलत होती. आपलं सोनं तिकडे कशाला ठेवलं होतं, असं तिने विचारलं. नव्वदीच्या सुरुवातीला तंगी आली तेव्हा सोनं विमानाने बाहेर पाठवून त्यावर कर्ज घ्यावं लागलं होतं, आणि एरवीही तिकडच्या बाजारात सोनं हाताशी असलेलं बरं पडतं, असं मी सांगितलं. प्रत्येक विटेवर नंबर असतो, वजन नोंदलेलं असतं, हिशेब तपासले जातात, हेही सांगितलं.

"कागद तपासतात. सोनं कोण बघतं?" आई म्हणाली.

वर्गात हा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही. मग तिने शेंग खाली ठेवली.

"देशाने मागून घेतलं ना? मग आपण का मागू नये?"

ती तिच्या मोहनमाळेबद्दल बोलत होती. गावचं घर बंद करून आई-बाबा दिव्याला आले तेव्हा चाळीतल्या खोलीचं दार नुसतं ढकललं तरी उघडायचं. म्हणून आईने माहेरची मोहनमाळ कल्याणला मोठ्या काकीकडे दिली. काकीचा बँकेत लॉकर होता. आमच्याकडे घरातल्या माणसाला दागिना ठेवायला देताना तोलत नाहीत. तोलणं म्हणजे तोंडावर चोर म्हणणं. आईने माळ रुमालात बांधून दिली आणि काकीने ती न मोजता घेतली. त्या वेळी दोघींनाही ते शोभून दिसलं असणार.

माझी अडचण निराळी होती. आई-बाबा अजून गावी होते तेव्हा तालुक्याच्या शाळेतून आलेला मी पदवीची तीन वर्षं काकीच्याच घरी राहिलो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी पदवीधर नाही. परीक्षेच्या दिवसांत ती माझ्या आधी उठून चहा ठेवायची. तिच्या हातचं जेवून मी शिकलो, हे मी कुठेही सांगतो. पण गेल्या वर्षभरात आईने माळ तीनदा मागितली होती. एकदा चावी सापडत नव्हती, एकदा बँक बंद होती, एकदा काकीचे गुडघे धरले होते. तिन्ही कारणं खरी असू शकत होती. तरी काकीच्या सुनेच्या हातात नव्या पाटल्या दिसल्या तेव्हा माझी नजर तिथे अडकली. सून हात पदराखाली घेते आहे असं मला वाटलं. कदाचित तिला नुसतं उकडत असेल.

आम्ही कल्याणला गेलो. काकीने काही विचारलं नाही. चहा झाल्यावर ती आतून माळ घेऊन आली. म्हणजे माळ लॉकरमधून आधीच काढलेली होती. कधीपासून, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता.

आईने माळ तळहातावर घेतली आणि दोरा चिमटीत धरला. हा दोरा माझा नाही, असं ती माझ्याकडे बघून म्हणाली. काकीने ऐकलं. जुना दोरा कुजला होता, मणी गळायला लागले म्हणून गाठवून घेतली, असं ती म्हणाली. कधी गाठवली, कुणाकडून, हे तिने सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही. मग काकीनेच चप्पल घातली.

"चल, आत्ताच्या आत्ता सोनाराकडे तोलू. उद्या दिव्याला जाऊन तोलशील आणि मला कळणारसुद्धा नाही."

जिने उतरताना तिचे गुडघे खरंच धरलेले दिसत होते. सोनाराने माळ काट्यावर ठेवली. पडद्यावर आकडा आला. अडीच तोळ्यांपेक्षा थोडी कमी.

"कमी आहे," आई म्हणाली.

"कशापेक्षा?"

"माझे वडील तीन तोळे म्हणायचे, ताई."

"म्हणायचे. तू मला तोलून दिली होतीस?"

सोनार मान खाली घालून काच पुसत राहिला. मी तो आकडा पुन्हा वाचला, जणू त्यात काही आणखी लिहिलेलं होतं. पण त्याच्या शेजारी ठेवायला दुसरा आकडाच नव्हता. काकीने घेतलं असेल तर ते सिद्ध होणार नव्हतं. नसेल घेतलं तर तेही तिला कधी दाखवता येणार नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर राग होता. राग खोट्या माणसालाही येतो आणि खऱ्यालाही, एवढंच मला त्या क्षणी सुचलं, आणि माझीच मला शिसारी आली.

आईने सोनाराकडून वजनाची चिठ्ठी मागून घेतली. काकी आमच्यासोबत परत चालली नाही. मला रिक्षा मिळेल, तुम्ही व्हा पुढे, म्हणाली.

महिनाभर माळ तांदळाच्या डब्यात होती. त्या महिन्यात आई ना शेजारणीकडे बसली, ना लग्नाला गेली. पाणी भरायला खाली जातानाही कुलूप लावायची. शेवटी मी ठाण्यात लॉकर घेतला. न्यायला आलो तेव्हा तिने माळ रुमालात बांधून माझ्या हातात दिली. वजनाची चिठ्ठीही मी मागितली, लॉकरमध्ये सोबत राहील म्हणून.

"ती माझ्याकडे असू दे," ती म्हणाली. तिने चिठ्ठी ब्लाउजमध्ये ठेवली आणि मला जेवून जायला सांगितलं.